कॉन्ट्रा डान्सचं कॉलिंग: समेच्या आधी बोला, आणि कमी बोला

कॉन्ट्रा डान्सला पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा का येत नाही, असं विचारलं की आयोजक म्हणतात, "अवघड गेलं असेल त्याला." मला हे पटत नाही. कॉन्ट्रा म्हणजे समोरासमोरच्या दोन लांब ओळींत जोडीने करायचा नाच, मुळात तालात चालणं. वरातीत ज्याला चालता येतं त्याला हेही येतं. नवखा माणूस तुटतो तो दोन कारणांनी. एक, कॉलरने सूचना उशिरा दिली आणि तो चारचौघांत उलट्या दिशेला गेला. दोन, पहिल्या तासाभरात त्याला कुणी नाचायला विचारलंच नाही. यातलं पहिलं पूर्णपणे कॉलरच्या हातात असतं आणि दुसरं बऱ्याच प्रमाणात.

कॉलर म्हणजे माइकवरून पुढची हालचाल सांगणारा, शर्टाची नव्हे. अमेरिकेत, विशेषतः न्यू इंग्लंडमध्ये राहणारे आणि गावच्या ग्रेंज हॉलमध्ये (शेतकरी संघटनेच्या सभागृहात) किंवा टाउन हॉलमध्ये नियमित नाचणारे अनेक मराठी लोक मला "मला कॉलिंग करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारतात, आणि मग हमखास त्याच चार-पाच चुका करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुम्ही अजून दोन्ही भूमिकांत, म्हणजे लार्क (जोडीतला डावीकडचा) आणि रॉबिन (उजवीकडचा) अशा दोन्ही बाजूंनी नाचला नसाल, तर आधी काही महिने ते करा. एकाच बाजूने नाचलेला कॉलर अर्ध्या हॉलला चुकीचं शिकवतो.

टप्पा 1: आवर्तन अंगात मुरवा

कॉन्ट्राचं संगीत बहुतेक चौकोनी असतं: ए भाग दोनदा, बी भाग दोनदा. प्रत्येक भाग 16 मात्रांचा, म्हणजे एक आवर्तन 64 मात्रांचं. नाचही 64 मात्रांचा. आवर्तन संपलं की प्रत्येक जोडी ओळीत एक जागा पुढे सरकते, समोर नवे शेजारी (चौघांच्या गटातली दुसरी जोडी) येतात आणि तोच नाच पुन्हा सुरू होतो.

तबला किंवा हार्मोनियम थोडंफार शिकलेल्यांना इथे आयता फायदा मिळतो. सम कुठे आहे हे कान आपोआप शोधतो. इथे दर 8 मात्रांनी एक छोटी सम येते आणि तिथे नवी हालचाल सुरू होते. मिनिटाला 116 मात्रांच्या लयीत एक आवर्तन साधारण 33 सेकंदांत संपतं. तेव्हा 15 आवर्तनं म्हणजे सव्वाआठ मिनिटं. हा हिशेब पुढे कामाला येईल.

तपासा: कुठल्याही रील किंवा जिगची (कॉन्ट्राच्या धुनांचे प्रकार) ध्वनिफीत लावा, डोळे मिटा आणि मधूनच ऐकायला सुरुवात करा. अर्ध्या मिनिटाच्या आत "हा बी भाग, पहिला" असं सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर माइकला हात लावू नका. दुसरा कुठलाही सराव याची जागा घेऊ शकत नाही.

टप्पा 2: एकच नाच निवडा आणि कार्ड लिहा

नवे कॉलर इथेच घसरतात. दहा नाच अर्धवट पाठ करतात. तुम्हाला पहिल्या वेळी एकच नाच लागणार आहे. बहुतेक ठिकाणी नव्या कॉलरला अनुभवी कॉलरच्या कार्यक्रमात एका नाचापुरती जागा मिळते. त्या एका नाचावर महिनाभर घालवा.

नमुन्यासाठी एक सोपा नाच देतो, कंसात मात्रा. डो-सी-डो म्हणजे पाठीला पाठ ठेवून एकमेकांभोवती फेरी, स्विंग म्हणजे दोघांनी एकमेकांना धरून जागच्या जागी भराभर फिरणं, बॅलन्स म्हणजे एक पाऊल पुढे आणि मागे. ही रचना 'इम्प्रॉपर' मांडणीतली आहे, म्हणजे बँडच्या बाजूच्या जोड्यांनी (वन्स) सुरुवातीला आपापसात जागा बदललेल्या असतात.

ए-1: शेजाऱ्याशी डो-सी-डो (8), शेजाऱ्याशी स्विंग (8)
ए-2: चौघांचा गोल डावीकडे, तीन जागा (8), जोडीदाराशी स्विंग (8)
बी-1: लांब ओळी पुढे आणि मागे (8), रॉबिन-रॉबिन डो-सी-डो (8)
बी-2: गोल डावीकडे, तीन जागा (8), गोलातच बॅलन्स (4), उजव्या खांद्याने एकमेकांना ओलांडून नव्या शेजाऱ्याकडे (4)

पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर हे मोठ्या अक्षरात लिहा. हालचालीखाली लाल पेनाने प्रत्यक्ष उच्चारायचे शब्द लिहा आणि मागच्या बाजूला शिकवतानाच्या अडचणी. फोनवर कार्ड ठेवू नका. ऐन बी-2 मध्ये स्क्रीन काळी पडते आणि तुमच्या चेहऱ्याचाही रंग तसाच होतो.

नाच निवडताना तीन गोष्टी बघा. जोडीदाराशी स्विंग आहे का? नवख्यांना तेवढा आधार दर आवर्तनाला हवा. पुढची जागा आपोआप समोर येते का, की पाठ फिरवून शोधावी लागते? आणि 'हे फॉर फोर' आहे का? असेल तर तो नाच बाजूला ठेवा. चौघांनी एकमेकांत विणत जायची ती चाल सुंदर आहे, पण नवख्यांच्या रात्री तिचा भेळेसारखा कालवा होतो.

टप्पा 3: जेवणाच्या टेबलावर नाचवा

दोन पेले आणि दोन वाट्या घ्या. पेले म्हणजे लार्क, वाट्या म्हणजे रॉबिन. एका जोडीत चिमूटभर डाळ टाका: त्या वन्स. टेबलाची एक कड म्हणजे बँड. बँडकडे तोंड केलं तर वन्सचा पेला उजव्या ओळीत आणि वाटी डाव्या ओळीत. खालच्या जोडीचं नेमकं उलट. आता कार्डाप्रमाणे भांडी हलवा.

एक नियम लक्षात ठेवा: स्विंग संपला की दोघं ओळींच्या मधल्या जागेकडे तोंड करून उभे राहतात, लार्क डावीकडे आणि रॉबिन उजवीकडे. वर दिलेल्या नाचात पहिला स्विंग संपल्यावर तुमचा जोडीदार बरोबर समोर असतो. तीन जागा गोल फिरलात की तो तुमच्या शेजारी येतो. हे भांड्यांनी पाहिल्याशिवाय माइकवर सांगता येत नाही, कारण हॉलमध्ये कुणी तरी विचारतंच, "माझा जोडीदार कुठे गेला?"

तपासा: एक आवर्तन संपल्यावर डाळवाली जोडी एक जागा खाली सरकलेली, पेला अजूनही उजव्या ओळीत. असं झालं नसेल तर कार्ड चुकलंय किंवा तुम्ही. बहुतेक वेळा गोल उलटा फिरवलेला असतो.

भांड्यांनंतर माणसं. घरात चारजण जमवा आणि संगीताशिवाय चालवा. माझ्या पहिल्या सरावात दोन मित्र, एक शेजारीण आणि आमची सासुरवाडीहून आलेली आजी होती. आजींनी दुसऱ्या आवर्तनाला माझी चूक काढली.

टप्पा 4: शब्द कधी पडायला हवेत

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे थांबतो.

शाळेतली कवायत आठवा. "डावीकडे" हे आधी येतं, मग क्षणभर थांबून "वळ". मुलं "वळ" ऐकल्यावर वळतात. कॉन्ट्रात तुमचं काम फक्त "डावीकडे" सांगायचं. "वळ" हे संगीत सांगतं. तुम्ही समेवर सूचना दिलीत तर नाचणारा ती ऐकून, समजून, पाय उचलेपर्यंत दोन मात्रा निघून जातात. पुढचं सगळं त्या दोन मात्रांनी मागे राहतं, आणि बिचारा नवखा समजतो की आपल्याला ताल नाही.

म्हणून नियम असा: सूचनेचा शेवटचा शब्द समेच्या लगेच आधीच्या मात्रेवर संपला पाहिजे. सूचनेला फार तर चार मात्रा द्या. 116 च्या लयीत चार मात्रा म्हणजे जेमतेम दोन सेकंद. एवढ्यात किती शब्द बसतात, बोलून बघा.

शब्दांचा क्रम: आधी कोण, मग कोणता हात किंवा दिशा, शेवटी काय. "नेबर, डो-सी-डो." "सर्कल लेफ्ट, थ्री प्लेसेस." "रॉबिन्स, डो-सी-डो." "कोण" आधी का? आपलं नाव ऐकू येताच माणूस सावध होतो, आणि ज्याचं नाव नाही तो शांत राहतो. "डो-सी-डो, रॉबिन्स" म्हटलं तर सगळेच हलायला निघतात आणि मग निम्मे परत फिरतात.

वरच्या नाचातला एक तुकडा मात्रांवर मांडतो. शेजाऱ्याशी डो-सी-डो चालू आहे, मात्रा 1 ते 8. मात्रा 1 ते 6 तुम्ही गप्प. 7 वर "नेबर", 8 वर "स्विंग". पहिल्या तीन आवर्तनांत थोडं आधी, 5 पासून: "सेम नेबर, स्विंग". मग स्विंगच्या मात्रा 13 ते 16 मध्ये "सर्कल लेफ्ट, थ्री प्लेसेस". ही सूचना लांब आहे म्हणून ती लवकर सुरू होते. बी-2 मधली शेवटची सूचना सगळ्यांत अवघड असते. बॅलन्सच्या चारच मात्रा असतात आणि त्यातच "पास थ्रू, न्यू नेबर" बसवायचं असतं. ते बॅलन्सच्या पहिल्या मात्रेपासूनच सुरू करा.

"पाऊण फेरी" या अर्थाने "थ्री क्वार्टर्स" म्हणायची जुनी पद्धत आहे. मी "थ्री प्लेसेस" म्हणतो. नवखा माणूस अपूर्णांक सोडवत नाही, जागा मोजतो.

सावधान: "आणि आता आपण", "ओके, तर पुढे", "व्हेरी गुड, आता" ही भर घातलीत की सूचना हमखास उशिरा पडते. कौतुक करायचं असेल तर स्विंगच्या मधल्या मात्रांत करा, शेवटच्या चारांत नको.

तपासा: संगीत लावून स्वतःचं कॉलिंग फोनवर मुद्रित करा. ऐकताना प्रत्येक समेवर टेबलावर टिचकी मारा. तुमचा शब्द टिचकीवर किंवा टिचकीनंतर ऐकू आला तर ती सूचना उशिरा. माझ्या पहिल्या मुद्रणात 8 पैकी 6 उशिरा होत्या आणि मला मात्र मी अगदी वेळेवर वाटत होतो. कॉलरच्या डोक्यात सूचना आधीच वाजलेली असते, म्हणून त्याला स्वतःचा उशीर कळत नाही.

टप्पा 5: बँडशी पाच मिनिटं

फिडल, पियानो, गिटार, कधी बासरी किंवा मँडोलिन. हे लोक बहुधा तुमच्यापेक्षा अनुभवी असतात, म्हणून सांगा कमी आणि विचारा जास्त. त्यांना कळायला हवं ते एवढंच: नाच कसा आहे (बॅलन्स कुठे येतो, म्हणजे तिथे ते ठोका देतील), लय किती, आणि शेवट कसा कळवणार.

नवखे जास्त असतील तर 110 ते 114 मागा. त्याहून फार खाली नको. संथ लयीत चाल सोपी होत नाही, उलट अडखळते. स्विंगला वेग लागतो, तो मेला की माणसं एकमेकांच्या पायावर उभी राहतात.

बँड सुरुवातीला दोन-दोन मात्रांचे चार ठोके देतो, त्याला गंमतीने "फोर पोटेटोज" म्हणतात. त्या 8 मात्रांतल्या शेवटच्या चारांत तुमची पहिली सूचना पडते. हे आधी ठरवा, नाहीतर तुम्ही वाट बघत राहता आणि ते वाजवायला लागतात.

शेवटाची खूण: बोटं वर करून "अजून तीन, अजून दोन, शेवटचं". आवर्तन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी दाखवा. बी-2 च्या अखेरीस दाखवलेली खूण फिडलवाल्याला दिसत नाही, तो डोळे मिटून वाजवत असतो.

टप्पा 6: नाचाआधीचा अर्धा तास

बहुतेक ठिकाणी मुख्य कार्यक्रमाआधी अर्धा तास नवख्यांचा वर्ग असतो. इथे लोक सर्वाधिक वेळ वाया घालवतात. इंग्लंडमधून नाच कसा आला, कोणत्या हालचालीचं फ्रेंच नाव काय, हे सगळं नंतर कॉफी पिताना. या अर्ध्या तासात पाच गोष्टी, याच क्रमाने.

1. तालात चालणं. संगीत लावा आणि सगळ्यांना हॉलभर चालू द्या. उड्या नकोत, नुसतं चालणं.

2. भार देणं. गोलात हात धरून किंचित मागे रेलणं, ज्याने हातांत ताण येतो. हा ताण नसेल तर गोल चेपतो. झिम्मा-फुगडी खेळलेल्या बायकांना हे सांगावंच लागत नाही. फुगडीत भार नाही दिला तर काय होतं हे त्यांना ठाऊक आहे.

3. हात धरणं. अलमांडमध्ये (एकेक हात धरून एकमेकांभोवती फिरताना) अंगठ्याने आवळायचं नाही. बांगड्या, घड्याळ, अंगठी याकडे लक्ष द्या.

4. स्विंग. आधी नुसता चालत, दोघांनी एकमेकांभोवती. मग उजवा पाय मध्ये ठेवून डाव्याने ढकलत, स्कूटरसारखा. गरगरणं हाच नवख्यांचा सर्वांत मोठा त्रास आहे. उपाय एकच: समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांत बघायचा संकोच वाटत असेल तर कानाकडे. जमिनीकडे बघितलं की भोवळ येतेच.

5. पुढे सरकणं. चार जोड्यांची छोटी ओळ करून दोन आवर्तनं. टोकाला पोचलेल्या जोडीने एक आवर्तन थांबायचं, जागा बदलून घ्यायची आणि परत यायचं. हे न सांगितल्यामुळे जितके नवखे बिचकतात तितके कशानेच बिचकत नाहीत.

भूमिकांची नावं पंधरा सेकंदांत सांगा: लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे, इंग्रजी आद्याक्षरं तशीच आहेत. स्त्री-पुरुष याच्याशी संबंध नाही, कुणीही काहीही व्हावं. पूर्वी "जेंट्स" आणि "लेडीज" म्हणत, काही ठिकाणी अजून म्हणतात. तुमच्या हॉलची पद्धत आधी विचारून घ्या आणि एका नाचात दोन्ही शब्द मिसळू नका.

आणि हे स्पष्ट सांगा: नाचायला नाही म्हणता येतं, गिरकी नको असेल तर हात खाली ठेवता येतो, स्विंग दोन हात धरूनही चालतो. आपल्याकडच्या बऱ्याच पाहुण्यांना अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवणं जड जातं. पर्याय आधीच सांगितला की ते दारातून परत फिरत नाहीत.

सावधान: वर्गात हॉलचे नेहमीचे चार-पाच नाचणारे असलेच पाहिजेत. दहा नवख्यांनी एकमेकांना शिकवायचं म्हणजे दहाजण एकदमच बुडणार.

टप्पा 7: वॉक-थ्रू

ओळी लागल्या की आधी "हँड्स फोर फ्रॉम द टॉप": बँडच्या बाजूने चार-चारांचे गट. मग वन्स जागा बदलतात. दोन्ही झालं का, हे खाली जाऊन डोळ्यांनी बघा. व्यासपीठावरून ओळीचं शेवटचं टोक दिसत नाही आणि गोंधळ तिथेच असतो.

मग संगीताशिवाय एकदा पूर्ण चाल, आणि नव्या शेजाऱ्यांबरोबर दुसऱ्यांदा. त्यानंतर परत मूळ जागी यायची गरज नाही, तिथूनच नाच सुरू करा. एकूण तीन-चार मिनिटं. त्याहून जास्त लागत असतील तर नाच चुकीचा निवडलाय. अशा वेळी हट्ट न करता सोपा नाच काढा. त्या सोप्या नाचाचं कार्ड कायम खिशात असू द्या.

शिकवताना हालचालीचा शेवट सांगा: "हे संपल्यावर तुमचा जोडीदार उजवीकडे असेल, हात वर करून दाखवा." हात वर झाले की चुकलेले गट एका नजरेत कळतात. पंजा कसा, पाय कसा, हे वॉक-थ्रूमध्ये नको. नवख्याला कुठे जायचं एवढंच हवं असतं.

एका वेळी एकच आवाज. अनुभवी नाचणारे मध्येच आपापल्या गटात शिकवायला लागतात आणि नवख्याच्या कानात तीन कॉलर बोलतात. त्यांना हसत सांगा: बोट दाखवा, बोलू नका.

टप्पा 8: नाच सुरू झाल्यावर

पहिली तीन आवर्तनं पूर्ण सूचना. चौथ्यापासून शब्द गाळा: "सेम नेबर, स्विंग" चं नुसतं "स्विंग". सहाव्या-सातव्यापासून गप्प बसून बघा. शब्द थांबले की संगीत ऐकू येतं आणि खरा नाच तेव्हा सुरू होतो. नवे कॉलर इथे घाबरतात. बोलणं थांबवलं तर सगळं कोसळेल असं त्यांना वाटतं. कोसळलं तर पुन्हा बोला. नवख्यांची रात्र असेल तर पूर्ण मौन नको, दर समेच्या आधी एखादा शब्द असू द्या.

गट विस्कटला तर? संगीत थांबवू नका. पुढचा जोडीदाराचा स्विंग जवळ असेल तर मोठ्याने "फाइंड युअर पार्टनर, स्विंग". हा मुक्काम. तिथे सगळे पुन्हा जुळतात, म्हणूनच टप्पा 2 मध्ये तो स्विंग मागितला होता. तेही नाही जमलं तर बी-2 च्या शेवटी नव्या शेजाऱ्याला तोंड द्यायला सांगा. त्या आवर्तनातलं जे राहिलं ते राहिलं.

चुकलेल्या माणसाकडे बघून माइकवरून बोलू नका. "त्या निळ्या शर्टवाल्यांनी" असं एकदा मी म्हणालो होतो. निळा शर्ट पुन्हा दिसला नाही.

12 ते 15 आवर्तनं पुरतात. ओळ छोटी असेल तर कमी, कारण तेच लोक परत परत भेटतात. लांब ओळीत किमान निम्म्या लोकांशी गाठ पडू द्या.

टप्पा 9: संध्याकाळचा क्रम

कार्यक्रम साडेसातला सुरू होऊन साडेदहाला संपतो असं धरा. पहिला नाच सर्वांत सोपा, दुसरा त्याहून जरासा वेगळा पण त्याच हालचालींचा. प्रत्येक नाचात एकच नवी हालचाल. मध्यंतराआधी एक वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या तालावरचा जोडीनाच) असतो. नवख्यांना तो कसा नाचायचा हे कळत नाही आणि ते खुर्च्यांकडे सरकतात, म्हणून आधीच दोन वाक्यांत सांगा. अवघड नाच मध्यंतरानंतर, आणि शेवटचा पुन्हा सोपा पण जोशाचा. दमलेल्या पायांना बुद्धी कमी असते.

हॉलमध्ये निम्मे नवखे असतील तर ठरवलेली यादी फेकून द्या. मोठ्या वर्तुळातला, दर वेळी जोडीदार बदलणारा नाच पहिला घ्या. त्यात सगळे सगळ्यांना भेटतात आणि "मला कुणी विचारलं नाही" हा प्रश्न उरत नाही.

टप्पा 10: नवखे आणणं सोपं, टिकवणं अवघड

जाहिरातीत चार गोष्टी लिहा: जोडीदार लागत नाही, अनुभव लागत नाही, सगळं शिकवलं जातं, वर्गाची वेळ अमुक. बाकी सजावट नंतर. मऊ तळव्याचे स्वच्छ बूट हवेत हेही लिहा. आपली मंडळी दारात चपला काढून मोज्यांवर येतात, आणि लाकडी फरशीवर मोजे म्हणजे बर्फ. तीव्र अत्तर टाळा असं बरेच हॉल सांगतात, तेही आधी कळवलेलं बरं.

दारात एक माणूस हवा, पैसे घेणाऱ्यापेक्षा वेगळा. त्याचं काम नाव विचारणं आणि नवख्याला वर्गात नेऊन कुणाच्या तरी हाती देणं. सूट द्यायची असेल तर पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळेला द्या. पहिल्यांदा कुतूहल आणतं, दुसऱ्यांदा येण्यासाठी कारण लागतं.

आता खरा दुखरा भाग. अनुभवी लोक एकमेकांना आधीच "पुढचा तुझ्याबरोबर" असं ठरवून मधल्या ओळीत, बँडसमोर जमतात. नवखे कडेच्या ओळीत एकमेकांबरोबर उरतात. मधली ओळ उडत असते, कडेची बुडत असते. माइकवरून आवाहन करून हे सुटत नाही, मी करून पाहिलंय. उपाय आधीच करावा लागतो: सहा नेहमीचे नाचणारे गाठा आणि प्रत्येकाकडून दोन वचनं घ्या. पहिल्या तीन नाचांपैकी दोन नवख्याबरोबर, आणि एक नाच कडेच्या ओळीत. सहाजण पुरतात. त्यांना बघून बाकीचे येतात.

नवखं जोडपं एकत्रच नाचायचं म्हणत असेल तर जबरदस्तीने तोडू नका. "दुसरा नाच वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर करून बघा, लवकर जमतं" एवढं पुरे. मात्र त्यांना ओळीच्या अगदी टोकाला उभं राहू देऊ नका, टोकाची अदलाबदल त्यांच्यासाठी सर्वांत अवघड असते.

नव्या कॉलरांसाठी एक सूचना इथेच: कंट्री डान्स अँड साँग सोसायटी ही 1915 पासूनची संस्था मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, आणि देशभरातले नाच आणि कॉलरांसाठीचं साहित्य तिच्याकडे मिळतं. मॅसॅच्युसेट्समधल्याच ग्रीनफिल्डच्या गाइडिंग स्टार ग्रेंजला किंवा मेरीलँडच्या ग्लेन एको पार्कला एखादी संध्याकाळ नुसती कॉलर ऐकायला जा. नाचू नका, कडेला बसून शब्द कोणत्या मात्रेवर पडतात ते लिहा.

मंडळाच्या कार्यक्रमात करायचं असेल तर

हे वेगळं प्रकरण आहे. एका स्नेहसंमेलनात मी थेट स्विंगपासून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत सगळे काका चहाच्या टेबलाकडे गेले. आता मी स्विंग ठेवतच नाही, दोन हात धरून फेरी ठेवतो. लांब ओळीऐवजी मोठं वर्तुळ घेतो. गरबा सगळ्यांना येतो, त्यामुळे वर्तुळाची भीती वाटत नाही. गरब्यात कॉलर नसतो, इथे असतो, एवढाच फरक समजवावा लागतो. लेझीम केलेल्यांना तर तेही सांगावं लागत नाही, शिट्टी झाली की पुढच्या तालाला हात बदलायचा हे त्यांच्या अंगात असतं.

कॉल मराठीत करायचा मोह होतो. "डावीकडे गोल" छान बसतं, सहा अक्षरं, चार मात्रांत आरामात. "आपल्या शेजाऱ्याला उजव्या हाताने फिरवा" मात्र बसत नाही, ते संपेपर्यंत सम निघून जाते. म्हणून लांब वाक्य वॉक-थ्रूमध्ये एकदाच सांगा आणि नाचात नुसतं "शेजारी, उजवा" म्हणा.

ओढणी कमरेला बांधून घ्यायला सांगा, नऊवारीला त्रास नाही, सहावारीचा पदर मात्र खोचलेला बरा. लहान मुलांना मोठ्यांच्या जोडीला द्या, दोन मुलांची जोडी करू नका, ती तिसऱ्या आवर्तनाला मैदानाबाहेर गेलेली असते. आणि जेवणाआधी ठेवा. श्रीखंडानंतर बॅलन्स होत नाही.

घरी गेल्यावर कार्डाच्या मागे तारीख, किती नवखे होते, वॉक-थ्रूला किती मिनिटं लागली आणि कुठल्या मात्रेवर गाडी घसरली हे लिहा. झोपायच्या आधीच. सकाळी ते आठवत नाही.